परतीची वारी



वारीला निघतानाची तयारी आपण सगळेच मोठ्या हौसेने करतो. टाळाच्या दोऱ्या तपासून होतात, हरिपाठाच्या पोथीला नवे कव्हर चढते, पिशवीत गोळ्या-औषधांसाठी वेगळा कप्पा होतो. पण परत येण्याची तयारी कोणी केल्याचे आपण पाहिले आहे का? एकादशी झाली, चंद्रभागेचे स्नान झाले, निदान कळसाचे दर्शन झाले, की मन घराकडे ओढ घेते. पेरणी कशी उतरली असेल, म्हशीचे कोणी केले असेल, नातवंडांची शाळा सुरू झाली असेल, हेच विचार. परतीच्या पालखीबरोबर किती थोडी माणसे चालतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊकच आहे. मीही त्या लगबगीने निघून जाणाऱ्यांतलाच. पायी वाऱ्या एकोणीस केल्या, आणि एकोणीस वेळा पौर्णिमेच्या काल्याची वाटही न पाहता मिळेल ती एस.टी. धरून घर गाठले.

यंदा मात्र परतीला चार दिवस लागले. त्या चार दिवसांची हकीकत आपल्याला सांगावी म्हणून हे लिहितो आहे. यात माझा मोठेपणा काही नाही. उलट लाज वाटावी असेच बरेच आहे. पण वारकऱ्याने वारकऱ्यापासून झाकून काय ठेवायचे?

आमचे गाव बुलडाणा जिल्ह्यात, मोताळ्याजवळ. आमच्या भागाचे दैवत आदिशक्ती मुक्ताई. मुक्ताईनगराहून तिची पालखी ज्येष्ठात निघते आणि मोताळा, बुलडाणा, चिखली, देऊळगावराजा, जालना, अंबड, गेवराई, बीड असा मुलूख जवळजवळ महिनाभर पायी चालत पंढरीस पोचते. २००२ साली मी आणि आमच्या सौ. पहिल्यांदा या पालखीबरोबर निघालो. कोरोनाची दोन वर्षे सोडली, तर २०२२ पर्यंत एकही वारी चुकली नाही. मग माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी चालणे बंद केले आणि दोन आषाढ्या घरीच गेल्या. यंदा मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी घेऊन जा. तुम्ही एवढी वर्षं काळीपिवळी चालवलीत, पंढरपूर काय लांब आहे?" त्याची जुनी चारचाकी आहे, भाजीपाला बाजारात न्यायला घेतलेली. मागची वांग्याची क्रेटं काढली, सतरंजी अंथरली, पुढे मुक्ताईची तसबीर लावली आणि निघालो.

निघायच्या आदल्या रात्रीच सौ. म्हणाल्या होत्या, "येताना घाई करू नका. वाटेतल्या आपल्या माणसांना भेटत येऊ. पुन्हा या रस्त्याला येणं होतं का नाही, कोणाला माहीत?" आणि बोटांवर मोजून दाखवले. बार्शीला त्यांची मावशी. बीडला आमची पुतणी. चिखलीला लेक. जालन्याचे नाव त्यांनी घेतले नाही. मीही घेतले नाही.

जालन्यात माझा धाकटा भाऊ राहतो. एकुलता एक, पाठचा.

गाडीने गेल्यामुळे यंदा एकादशीच्या आधी दोन दिवस हाताशी होते. आयुष्यात एकदा तरी पाहायची म्हणून वेळापूर आणि भंडीशेगाव यांच्या दरम्यान होणारी बंधुभेट पाहिली. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. आळंदीहून आलेली ज्ञानोबारायांची पालखी आणि सासवडहून आलेली सोपानकाकांची पालखी तिथे एकमेकींना भेटतात. मानकरी श्रीफळ देतात, जयघोष होतो, आणि आजूबाजूची हजारो माणसे डोळे पुसतात. मीही पुसले. उपरण्याचे टोक भिजले माझे. सौ. शेजारी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत.

एकादशी झाली. मुखदर्शन झाले. यंदा पौर्णिमेपर्यंत थांबलो आणि १० जुलैला गोपाळपूरचा काला घेतला. एकोणीस वाऱ्यांत जे राहून गेले होते ते पाहिले. कोणाच्या घरचे काय, कोणी किती आणले, हे काल्यात कोणी विचारत नाही. सगळे एकात मिसळते आणि जो पुढे येईल त्याच्या ओंजळीत पडते. एका अनोळखी म्हाताऱ्याने आपल्या हाताने माझ्या तोंडात घास घातला. मी त्याच्या पाया पडलो, तो माझ्या. थोड्या लाह्या रुमालात बांधून घेतल्या आणि दुपारी गाडी कुर्डुवाडीच्या रस्त्याला लावली.

बार्शीला पोचेस्तोवर दिवेलागण झाली. बार्शीला भगवंताचे देऊळ आहे. एकादशी पंढरपूरला करावी आणि द्वादशी बार्शीला भगवंतापुढे सोडावी, असा त्या भागातल्या जुन्या माणसांचा नेम. मावशींनी तो नेम पुष्कळ वर्षे पाळला. आता त्या शहाऐंशीच्या आहेत आणि अंथरुणाला खिळल्या आहेत. आम्ही पंढरीहून आलो म्हणताच त्यांनी सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, "मला उठवून बसव." बसल्या, आणि वाकून आपल्या भाचीच्या पायांना हात लावायला लागल्या. सौ. तर मागेच सरल्या. "मावशी, काय करता हे! मी लहान आहे."

"तुझ्या नाही गं पडत," मावशी म्हणाल्या. "ज्या वाटेनं आलीस त्या वाटेच्या पडते."

रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी एकेकाची विचारपूस सुरू केली. मुलगा, सून, लेक, जावई, नातवंडे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचे धाकटे कसे आहेत? जालन्याचे? तुमच्या लग्नात केवढासा होता तो, माझ्या मांडीवर झोपला होता."

"बरा आहे," मी म्हणालो.

माउली, कपाळाला पंढरीचा बुक्का होता. गळ्यात तुळशीची माळ होती. आणि तोंडातून हे निघाले. तो बरा आहे की वाईट, हे मला सोळा वर्षांत ठाऊक नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटे आपण सगळेच बोलतो. पण पंढरीहून निघाल्यावर पहिल्याच मुक्कामी, तेही अंथरुणावरच्या म्हातारीशी बोललो, ते टोचत राहिले.

आता काय झाले होते, ते सांगतो. वडिलोपार्जित आठ एकर जमीन. वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात विहीर खणली होती. मी सात-आठ वर्षांचा पोर होतो, पण घमेली वाहिलेली आठवतात. पुढे धाकटा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला लागला. मी गावात राहिलो. वडील गेल्यावर वाटणी झाली, चार-चार एकर. कागदपत्रे मीच केली, कारण गावात मीच होतो. विहीर माझ्या वाट्यात येईल अशी मी हद्द धरली. धाकट्याला तोंडी सांगितले, "पाणी निम्मं तुझं. भावाभावांत कागद कशाला?" त्याने मान डोलावली. विश्वासाने सही केली.

काही वर्षांनी त्याच्या मनात आले की आपल्या चार एकरांत मोसंबी लावावी. जालन्याकडे मोसंबीच्या बागा आहेत, त्या पाहून त्याला हौस आली असेल. त्याने पाणी मागितले. मी म्हणालो, यंदा पाणी कमी आहे. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी पाणी भरपूर होते, तरी तेच म्हणालो. २००८ साली आई गेली. तेरावीच्या पंगतीत, चार माणसांसमोर, त्याने विषय काढला. मीही चार माणसांसमोरच उत्तर दिले. म्हणालो, "आईचं बारा महिने मी केलं. तू पाहुण्यासारखा येऊन गेलास. पाहुण्याची विहीर नसते."

तो ताटावरून उठला. हात न धुता निघून गेला. पुन्हा गावात आला नाही. त्याची चार एकर पडीकच आहे.

त्यानंतर मी बारा वाऱ्या केल्या. मुक्ताईची पालखी जालन्यातून जाते, मुक्काम करते. बाराही वेळा मी गळ्यात टाळ अडकवून त्याच्या शहरातून चालत गेलो. विचारणाऱ्याला सांगत असे, "त्यानंच दार लावून घेतलंय, आपण काय करणार?" कीर्तनात ताटीच्या अभंगांची कथा निघाली की मला फार भरून येई. लोकांच्या बोलण्याने उद्विग्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आहेत आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून दादाला विनवते आहे. मी मनात म्हणे, आमच्या धाकट्याला समजावणारी अशी एखादी मुक्ताई असती तर! पाहा माउली, मन किती चलाख असते. कथेत दार लावून बसलेला थोरला भाऊ आहे. मी मात्र ती कथा ऐकताना धाकट्याला आत बसवत होतो.

बार्शीहून सकाळी निघालो. येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराकडे पाहून सौ.नी हात जोडले. बालाघाटचे माळ नुकतेच हिरवे झाले होते. बीडला पुतणीकडे पोचलो. ही धाकट्याचीच मुलगी. तिच्या लग्नाला मी गेलो नव्हतो, पण सौ.चे आणि तिचे फोनवर बोलणे असते, हे मला माहीत होते. आपण माहीत नाही असे दाखवतो, तसे मीही दाखवत आलो होतो. पोरीने दारात पायांवर पाणी घातले. "मोठे बाबा, मोठी आई, या," म्हणाली. तिच्या आवाजात कुठेही आडपडदा नव्हता.

संध्याकाळी ती आम्हाला गावातल्या गोविंदपंतांच्या समाधीला घेऊन गेली. गोविंदपंत म्हणजे विठ्ठलपंतांचे वडील, ज्ञानोबा-मुक्ताईंचे आजोबा. पालखी बीडमध्ये आली की मुक्ताई आजोबांच्या भेटीला येते. पायी वारीत असताना ती भेट मी गर्दीतून पाहिली होती. आज तिथे कोणी नव्हते. पुतणीने दिवा लावला आणि सहज बोलावे तशी म्हणाली, "मोठे बाबा, मुक्ताईला पंढरीला पोचायची केवढी ओढ. पण वाटेतल्या आपल्या माणसाला टाळून ती पुढं जात नाही, नाही का?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काय होते?

सकाळी निघताना तिने एक स्टीलचा डबा सौ.च्या हातात दिला. "आषाढ तळलाय. कापण्या आहेत गुळाच्या. बाबांना आवडतात. तुम्ही जालन्यावरूनच जाताय ना, एवढ्या पोचवा." सौ.नी डबा घेतला आणि मांडीवर ठेवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही, त्यावरून मला कळले की हे आधी ठरलेले आहे.

गेवराईच्या पुढे शहागडला गोदावरी ओलांडली. पुलावर गाडी हळू केली, सौ.नी नदीला पैसा वाहिला. थोड्या अंतरावर वडीगोद्री लागते. तिथे रस्ता फुटतो. सरळ गेले की पाचोड, संभाजीनगर. उजवीकडे वळले की अंबड, जालना. मी गाडी कडेला घेतली. म्हणालो, "चहा घेऊ." चहा घेतला. मग म्हणालो, "सरळच जाऊ या. संभाजीनगर, सिल्लोडवरून बुलडाणा गाठू. रस्ता चांगला आहे." लांब पडतो, हे मलाही माहीत होते आणि त्यांनाही.

सौ. कधी वाद घालत नाहीत. त्या म्हणाल्या, "गाडी तुम्ही कुठंही वळवा. डबा मात्र जालन्याचा आहे."

मी पुन्हा गाडीत बसलो. किल्ली फिरवली नाही. बराच वेळ बसून राहिलो. शेजारून ट्रक जात होते. मला बंधुभेट आठवली, भिजलेले उपरणे आठवले, आणि त्या वेळी माझ्याकडे पाहत असलेल्या सौ. आठवल्या. दोन पालख्यांच्या भेटीला रडलो, तेव्हा त्या बाईच्या मनात काय आले असेल? बारा वाऱ्या ती माझ्याबरोबर त्या शहरातून मुकाट्याने चालली. तिची ती लहान जाऊ. एका चुलीवर दोघींनी भाकरी केल्या होत्या.

गाडी उजवीकडे वळवली. अंबडला मत्स्योदरी देवीला लांबूनच हात जोडले. उतरायला धीर नव्हता; उतरलो असतो तर पुन्हा बसलो नसतो.

भावाचे घर मला माहीत नव्हते, माउली. सख्ख्या भावाचे घर. सौ.ना माहीत होते. त्या "इथून डावीकडे, आता पिठाच्या गिरणीपाशी," असे सांगत गेल्या. दुपारची वेळ. गल्लीत सामसूम. घरापुढे तुळशीचे वृंदावन, दाराला मुक्ताईच्या चित्राचे कॅलेंडर टांगलेले. आणि दार नुसते लोटलेले होते. कडी नव्हती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडले, पण त्याचे लहानपणीचे नाव ओठांवर आले आणि आवाज फुटेना.

सौ.नीच दार ढकलले. आतून त्याची बायको आली. मला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "या दादा." आणि आत वळून, "अहो, कोण आलंय पाहा."

तो बाहेर आला. मी त्याला ओळखले नाही, असे म्हटले तर आपल्याला खरे वाटणार नाही. डोके पांढरे, गाल बसलेले. माझ्याहून सहा वर्षांनी लहान तो, आणि माझ्याएवढाच म्हातारा दिसत होता. तो म्हणाला, "बस." मी बसलो. सौ.नी डबा पुढे केला, पोरीचे नाव घेतले. त्याने डबा उघडून पाहिला, झाकण लावले. कोणी बोलेना. भिंतीवर आईचा फोटो होता. माझ्या घरी आहे तोच.

चहा आला. त्याने स्वतः कप उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दादा, माझ्या हातचा हा तुझा दुसरा चहा."

मला कळेना. "दुसरा?"

तो सावकाश सांगू लागला. मुक्ताईची पालखी जालन्यात येते तेव्हा त्यांच्या भागातली माणसे रस्त्यावर दिंड्यांना चहा देतात. तो दरवर्षी किटलीपाशी असतो. "मुक्ताई आमचीबी आहे न," म्हणाला. २०२२ साली पाऊस होता. मी डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतला होता, खाली पाहत चाललो होतो. चहा देणाऱ्या रांगेत मी थांबलो, त्याच्या हातून पेला घेतला, प्यायलो, "माउली" म्हणालो आणि वाकून पायांना हात लावला. "मी पाय मागं घेतले. पण तवरोक तुझा हात लागून गेला होता. तू पुढं निघून गेला."

"हाक का मारली नाहीस?" मी विचारले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो म्हणाला, "तू माउली म्हणून पाया पडला. भाऊ म्हणून हाक मारली असती, तर पडला असता का?"

माउली, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आजही नाही. एकोणीस वाऱ्यांत मी किती पायांना हात लावला असेल, त्याची मोजदाद नाही. आपल्या संप्रदायाची हीच तर थोरवी की इथे लहान-मोठा पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, समोरच्यात पांडुरंग पाहून वाकतात. मीही तसेच समजत होतो. पण त्या दुपारी मला दिसले की मी पांडुरंगही पाहत नव्हतो आणि माणूसही पाहत नव्हतो. मी नुसता वाकत होतो. पाठीला सवय झाली होती. वर मान करून तोंड पाहिले असते, तर तीन वर्षांपूर्वीच भाऊ भेटला असता. किंवा तोंड पाहून मी वाकलोच नसतो. दोन्हींपैकी काय झाले असते, ते पांडुरंगालाच ठाऊक.

मी उठलो आणि त्याच्या पायांकडे वाकू लागलो. त्याने माझे दोन्ही दंड धरले. "नको दादा. बस तू. गुडघे दुखत असतील तुझे." त्याला माझ्या गुडघ्यांचे ठाऊक होते. सगळेच ठाऊक होते. तेरावीला काय बोललो, ते मी तोंडाने उच्चारून दाखवले आणि म्हणालो, "ते चुकलं माझं. आणि विहिरीचं त्याआधीच चुकलं होतं." दोघी जावा स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

तो लगेच "जाऊ दे" म्हणाला असता, तर मला बरे वाटले असते. तो तसे म्हणाला नाही. बराच वेळ फोटोकडे पाहत होता. मग म्हणाला, "आता पाणी घेऊन मी काय करू? माझं वय गेलं. मोसंबी लावायची हौस होती तेव्हा ती होती." मी म्हणालो, "तरी निम्मं तुझं आहे. कागदावर करून देतो." तो म्हणाला, "पोराला विचारीन."

एवढेच. मिठ्या झाल्या नाहीत, रडारड झाली नाही. संध्याकाळी त्याने डबा उघडला. मी रुमालातल्या गोपाळपूरच्या लाह्या काढल्या. एका ताटलीत कापण्या आणि लाह्या, चौघांनी मिळून खाल्ल्या. रात्री त्याने टाळ काढले. आम्ही दोघांनी हरिपाठ म्हटला. वडील म्हणत त्या चालीत. मधे एके ठिकाणी वडील नेहमी थांबून श्वास घेत. तिथे आम्ही दोघेही थांबलो.

चौथ्या दिवशी देऊळगावराजावरून चिखलीला लेकीकडे दुपारचे जेवण केले आणि बुलडाण्याहून राजूरचा घाट उतरून दिवस मावळताना गावात आलो. शेजारीपाजारी आले. वारीहून आलेल्याच्या पाया पडायची आपली रीत. मी प्रत्येकाला उभे करून आधी त्याच्या तोंडाकडे पाहिले. एका-दोघांशी माझे बोलणे नव्हते, तेही आले होते. इतकी वर्षे ते येत असत, आणि मी त्यांना टोपीवरूनच ओळखत असे.

पुढचे सगळे गोड झाले, असे मी लिहिणार नाही. माझा मुलगा नाराज आहे. त्याचे म्हणणे, "मोटार आपली, पाइपलाइन आपली, विहिरीतला गाळ आपण काढला. आता कशाला उकरता?" त्याचेही अगदीच खोटे नाही. मी त्याला एवढेच सांगितले की गाळ आपण काढला, पण विहीर तुझ्या आजोबांनी खणली. सातबाऱ्यावर इतर हक्कांत धाकट्याच्या निम्म्या हिश्श्याची नोंद व्हावी म्हणून तलाठ्याकडे अर्ज दिला आहे. नोटिसा निघतील, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतील, त्याला वेळ लागेल. धाकट्याच्या पोराचा निरोप अजून आलेला नाही. मावंद्याला त्या सगळ्यांना बोलावले होते. धाकटी जाऊ आली, पुतणी आली. धाकटा आला नाही. "कार्तिकीनंतर पाहू," म्हणाला. सोळा वर्षे लोटलेले दार चार दिवसांत सताड उघडावे, असा हट्ट मी कोणत्या तोंडाने धरू?

पण फोन येतो. परवा त्याने विचारले, "विहिरीला पाणी किती आहे?" मी जाऊन दोर सोडला, मोजले आणि सांगितले.

माउली, आपण पुढच्या आषाढीला जाल. जाताना पालखीबरोबर जा, नाचत जा. येताना मात्र वाटेतली गावे एकदा मनात मोजा. त्यांतले एखादे गाव आपण दरवर्षी खिडकीतून तोंड फिरवून ओलांडतो का, ते पाहा. असेल तर तिथे उतरा. हातात काही नसले तर काल्याच्या चार लाह्या पुरतात. दार उघडेलच, असे मी सांगत नाही. पण ते आतून लावलेले आहे की नुसते लोटलेले, हे उंबऱ्यापाशी गेल्याशिवाय कळत नाही.

घरी आल्यावर मी बार्शीला फोन केला. सुनेने तो मावशींच्या कानाला लावला. मी म्हणालो, "मावशी, त्या रात्री धाकट्याविषयी मी खोटं बोललो होतो. आता त्याला भेटून आलोय. बरा आहे."

"मला कळलं होतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही खाली मान घालून बोललात."

रामकृष्ण हरी.